मोडलेल्या कानाचा डॉक्टर

आजचा भाग कानापासून सुरू करूया.

कोल्हापुरात गंगावेशीत किंवा खासबागेजवळ चहाच्या गाड्यावर उभे राहिलात की साठी ओलांडलेला एखादा माणूस हमखास दिसतो, ज्याचे कान चुरगळून गोळा झालेत. त्याला 'काय करता' असं विचारावं लागत नाही. पैलवान. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान बांधलं 1912 मध्ये. तेव्हापासून किती पिढ्यांचे कान या गावात मोडले, त्याची मोजदाद नाही.

आता तसाच कान डोळ्यांसमोर आणा, पण अंगावर डॉक्टरचा पांढरा कोट. हा जॉन बोनिका. आज जगात जिथे जिथे 'पेन क्लिनिक' अशी पाटी दिसते, तिथे या माणसाचा हात आहे. आणि हा पठ्ठ्या खरोखरचा कुस्तीगीर होता.

जन्म 1917, सिसिलीजवळच्या फिलिकुडी नावाच्या छोट्या बेटावर. लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडील लवकर गेले, घर चालवायला पोरानं बूट पॉलिश केले, पेपर विकले. डॉक्टरकीच्या फीसाठी तो पैसे लावून होणाऱ्या कुस्त्या खेळला. 1941 मध्ये लाइट हेवीवेटचा जागतिक किताब काही महिने त्याच्याकडे होता. ही अमेरिकेतली व्यावसायिक कुस्ती, आपल्या लाल मातीतली नव्हे. तिच्यात नाटक भरपूर. पण हाडं मोडतात ती खरीच. पुढे सैन्यात डॉक्टर झाल्यावरही तो तोंडावर मुखवटा घालून आखाड्यात उतरायचा. दिवसा भूल देणारा डॉक्टर, रात्री 'मास्क्ड मार्व्हल'. नाद खुळा!

1944 मध्ये तो वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन आर्मी हॉस्पिटलमध्ये भूलविभागाचा प्रमुख झाला. वय 27. महायुद्धातले जखमी येत होते. त्यातल्या काही जणांचं गणित त्याला सुटेना. जखम भरली, टाके निघाले, तरी दुखणं तसंच. कापून टाकलेला पाय दुखतो म्हणणारेही होते. नसलेला पाय दुखतो कसा?

त्या काळच्या शिकवणीत याला उत्तर नव्हतं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या 1664 साली छापलेल्या पुस्तकात एक चित्र आहे. मुलाचा पाय विस्तवाजवळ, आणि पायापासून मेंदूपर्यंत एक दोरी. खाली ओढलं की वर घंटा वाजते. म्हणजे जेवढी इजा, तेवढं दुखणं. इजा संपली की घंटा बंद. तीनशे वर्षं वैद्यक थोड्याफार फरकानं हेच धरून चाललं. मग इजा दिसत नसेल आणि पेशंट कण्हत असेल, तर काय म्हणायचं? 'मनाचे खेळ' म्हणायचं आणि घरी पाठवायचं.

खरं तर ही दोरी खोटी आहे, हे तालमीतल्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं. कुस्ती चालू असताना बोट निखळलेलं कळत नाही, ठणका लागतो तो घरी जेवायला बसल्यावर. नेमकं हेच हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं इटलीतल्या रणांगणावर पाहिलं आणि 1946 मध्ये लिहिलं. गंभीर जखमी सैनिकांना 'दुखण्यावर औषध देऊ का' विचारलं, तर बहुतेक जण नको म्हणाले. म्हणजे जखम मोठी असूनही दुखणं कमी असू शकतं. मॅडिगनमध्ये बोनिकाला याची उलटी बाजू दिसत होती.

त्यानं एक साधी गोष्ट केली. हाडांचा डॉक्टर, मेंदूचा सर्जन, मानसोपचारवाला, सगळ्यांना एका टेबलावर बसवलं आणि एकाच पेशंटबद्दल बोलायला लावलं. आज यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा जो तो आपापल्या अवयवापुरता होता. 1953 मध्ये त्याचा 'द मॅनेजमेंट ऑफ पेन' हा जाडजूड ग्रंथ आला. 1973 मध्ये त्यानं सिअ‍ॅटलजवळ इसाक्वा इथे जगभरातले संशोधक गोळा केले, आणि त्यातून वेदनेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली.

मधल्या काळात, 1965 मध्ये, रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'गेट' सिद्धांत मांडला होता. पाठीच्या कण्यात एक फाटक आहे समजा. दुखण्याचा निरोप तिथून वर जातो. पण स्पर्शाच्या नसा ते फाटक थोडं लोटतात, आणि मेंदूही वरून 'आत्ता नको' असा हुकूम पाठवू शकतो. ठेच लागली की आपण आपोआप ती जागा चोळतो, ते यासाठीच. पुढे 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फनं उंदरांवर दाखवलं, की सतत मारा झाला तर कण्यातल्या पेशी स्वतःच हळव्या होतात. आमच्या ऑफिसच्या भाषेत सांगतो. सर्व्हर ठीक आहे, पण अलर्टचा थ्रेशोल्ड इतका खाली आलाय की मांजर बाजूनं गेलं तरी रात्री तीनला फोन वाजतो. फोन खोटा नाही. वाजतोयच. पण सर्व्हर पुन्हा पुन्हा उघडून बघण्यानं तो थांबणार नाही.

हे सगळं मी वाचायला लागलो आमच्या गल्लीतल्या वस्तादांमुळे. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. वय सत्तरच्या पुढे. गुडघा आणि कंबर, दहा-बारा वर्षं. एका डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "वयाच्या मानानं चांगलाय की गुडघा, एवढं दुखायला नको." वस्तादांना ते फार लागलं. "म्हंजे मी सोंग करतोय व्हय?" असं मला म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना 'सोस' एवढंच शिकवलं, त्याला सोसण्याबद्दल खोटारडं ठरवलं गेलं होतं.

मेलझॅकनंच 1975 मध्ये एक प्रश्नावली छापली. तिच्यात दुखण्याचे 78 शब्द आहेत. पेशंटनं आपले निवडायचे. कारण जळजळ आणि ठणका यांची मुळं वेगळी असू शकतात आणि औषधंही. नसेच्या दुखण्याला पॅरासिटामॉल सहसा पुरत नाही, तिथे प्रीगॅबालिन किंवा कमी डोसचं अ‍ॅमिट्रिप्टिलिन असं काही डॉक्टर विचार करून देतात. आणि आपल्याकडे तर शब्दांची खाण आहे! कळ, ठणका, सणक, चमक, उसण, आग, मुंग्या, भरून येणं, आखडणं. दवाखान्यात मात्र आपण 'दुखतंय' एवढंच सांगून गप्प बसतो.

बोनिकाला हे सगळं पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आखाड्यानं त्याचे खांदे आणि खुबे कामातून घालवले होते. ऑपरेशनं झाली, पुन्हा झाली. शेवटची कित्येक वर्षं तो रोज दुखण्यासोबत काम करत होता. 1994 मध्ये तो गेला. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतःचा कोड मिळालाय. म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या आजाराचं नुसतं लक्षण नव्हे, काही वेळा हाच आजार.

एका संध्याकाळी मी वस्तादांजवळ बसून त्यांचे शब्द फोनवर टाइप केले. सकाळी आखडतं. जिना उतरताना कळ येते. रात्री आग होते, मांडीपासून पोटरीपर्यंत. ही आग त्यांनी आधी कुणाला सांगितलीच नव्हती. पुढच्या वेळी वेगळ्या डॉक्टरांना ती यादी दाखवली. त्यांनी कमरेतली नस तपासली, एक गोळी बदलली आणि फिजिओथेरपिस्टकडे धाडलं. तिनं 'आराम करा' म्हटलं नाही. पाच मिनिटं चाला म्हणाली, बरं असो की वाईट, पाचच. आठवड्यानं सात.

सध्या रंकाळ्यावर वीस मिनिटं होतात. दुखणं गेलेलं नाही. झोप मात्र लागते. गेल्या रविवारी तालमीत जाऊन पोरांना ढाक शिकवून आले, हौद्याच्या काठावर खुर्ची टाकून.