मुलांच्या पेसमेकरचा इतिहास

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासा होणे म्हणजे हार्ट ब्लॉक. १९५०च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करू लागले, तेव्हा टाके घालताना ही संदेशवाट दुखावून काही मुलांना हार्ट ब्लॉक जडे. त्यांना जगवणारे यंत्र, म्हणजे पेसमेकर, भिंतीतल्या विजेवर चाले, त्यामुळे मुलाचे जग वायरीच्या लांबीएवढेच उरे. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनियापोलिसमध्ये वीज गेली आणि ही पराधीनता उघडी पडली. त्यानंतर अभियंता अर्ल बाकेन यांनी मेट्रोनोमच्या, म्हणजे संगीतात लय दाखवणाऱ्या यंत्राच्या, सर्किटवरून बॅटरीवर चालणारी छोटी डबी बनवली. १९५८मध्ये स्टॉकहोमला पेसमेकर प्रथमच शरीरात बसवला गेला आणि काही तासांतच बंद पडला, तेव्हा यंत्र बदलण्याची चिंता त्याच्याइतकीच जुनी म्हणावी लागते. १९७०च्या दशकात लिथियम बॅटरीने यंत्राचे आयुष्य बरेच वाढवले; मुलांच्या बाबतीत मात्र उंची वाढते तशी लीड, म्हणजे डबीपासून हृदयापर्यंतची तार, ताणली जाते. बॅटरी संपली की संपूर्ण डबीच बदलावी लागते, परंतु तार शाबूत असल्यास सहसा तीच पुन्हा जोडतात. एवढे तरी आईवडिलांना पहिल्या शस्त्रक्रियेआधीच सांगितले गेले पाहिजे.