दामाजीची कुळकथा

पदरी ‘दामाजी’ असला की अडलेली कामे मार्गी लागतात, अशी थट्टा मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. येथे दामाजी म्हणजे पैसा. द्रव्याला ‘जी’ आणि प्रसंगी ‘पंत’ही जोडून आपल्या भाषेने त्याला माणसांच्या पंगतीत बसविले. मात्र या विनोदी शब्दाचे कूळ फार दूरचे आहे.

त्यातील ‘दाम’ मूळचा ग्रीक. ‘द्राख्मे’ हे ग्रीकांचे चांदीचे नाणे. शब्दाचा मूळ अर्थ मूठभर. मिनँडरसारख्या यवन राजांनी वायव्य भारतात अशी नाणी पाडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ती भडोचच्या बाजारात चालत होती, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात नमूद आहे. संस्कृतात त्याचा ‘द्रम्म’ झाला. कान्हेरीच्या 9व्या शतकातील शिलालेखांत द्रम्मांच्या देणग्या नोंदलेल्या आहेत, आणि भास्कराचार्यांच्या 12व्या शतकातील ‘लीलावती’त 16 पणांचा एक द्रम्म सांगितला आहे. पुढे द्रम्माचा दाम झाला. अकबराच्या अमदानीत मात्र हा दाम तांब्याचा होता. 40 दामांचा एक रुपया होई, आणि दामाचा आठवा हिस्सा ती दमडी. शब्द चांदीवरून तांब्यावर उतरला. लोकांच्या तोंडून मात्र उतरला नाही. राजनीतीतील ‘साम, दान’ देखील बोलीत ‘साम, दाम’ होऊन बसले.

या दामाला ‘जी’ लागला आणि मंगळवेढ्याच्या संत दामाजीपंतांचे नाव आपोआप त्याच्याशी जुळले. वास्तविक ही दोन कुळे वेगळी. दामाजी हे दामोदराचे घरगुती रूप मानतात, आणि दामोदरातील ‘दाम’ म्हणजे दावे. दामाजीपंत 15व्या शतकातील, बेदरच्या बहामनी राज्याचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. बादशहाने त्यांना पकडून आणविले, तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली, अशी कथा परंपरेने जपली आहे.

पैशाला दामाजी म्हणणाऱ्याला ही कथा दर वेळी आठवतेच असे नाही. परंतु शब्दाने ती सांभाळली आहे. त्याच्या ग्रीक मुळाशी मिटलेली मूठ आहे. आणि मराठीने त्याला नाव दिले ते, हाती अधिकार असताना ती मूठ उघडणाऱ्या माणसाचे.