अनुवाद-संशोधनाचे शिक्षण, वर्धा जिल्ह्यातील

अनुवाद व आधुनिक भाषा या विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासात केवळ भाषांतर करता येणे पुरेसे नसते. मूळ संहितेतील काय टिकले, काय गळले आणि ते का, याचा पुराव्यानिशी शोध घ्यावा लागतो. पाठनिश्चिती, कोशांचा डोळस उपयोग, परिभाषेचा संग्रह, मूळ व अनुवाद यांची ओळीगणिक तुलना, स्थळनामांची छाननी आणि आधारांची प्रामाणिक नोंद ही या अभ्यासाची प्रमुख अंगे होत. वर्धा जिल्ह्यात या कौशल्यांची परंपरा विद्यापीठीय अभ्यासक्रमाहून जुनी असून ती प्रथम आश्रमांत व भाषाप्रचाराच्या संस्थांत रुजली.

पार्श्वभूमी : १८६२ मध्ये स्थापन झालेला वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या प्रांतात होता. त्यामुळे एका भाषेतील मजकूर दुसरीत नेणे ही येथील शासनव्यवहाराची नित्याची गरज होती. जिल्ह्याच्या उत्तर भागातील कारंजा (घाडगे) हे तालुक्याचे ठिकाण नागपूर–अमरावती महामार्गावर आहे. वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडचा प्रदेश लागतो. अशा सीमावर्ती भागातील मराठीत वऱ्हाडी व नागपुरी वळणे आढळतात आणि हिंदीचा संपर्कही जुना आहे.

आश्रमीय परंपरा : विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्यास आले. त्यांनी १९३०–३१ मध्ये भगवद्‌गीतेचा गीताई  हा समश्लोकी मराठी अनुवाद केला आणि तो १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथ छापून झाल्यावरही त्यांनी त्यातील शब्दयोजनेचा विचार चालू ठेवला. शिवाजी भावे यांच्या सहकार्याने त्यांनी गीताईचा शब्दार्थकोशही सिद्ध केला. अनुवादकाने आपल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब द्यावा, हे तत्त्व या कोशामागे दिसते. संशोधनाच्या विद्यार्थ्यास ते आजही मार्गदर्शक आहे.

राष्ट्रभाषा प्रचार समिती : १९३६ मध्ये वर्धा येथे ही संस्था स्थापन झाली. तिच्या श्रेणीबद्ध परीक्षांमुळे हिंदीतर भाषिकांना हिंदीच्या पद्धतशीर अध्ययनाची वाट मिळाली. समितीच्या कार्याची धुरा काही काळ वाहणारे भदंत आनंद कौसल्यायन यांनी पाली जातककथांचा हिंदी अनुवाद सहा खंडांत केला. तथापि प्रचारपरीक्षांचा भर भाषा अवगत करून देण्यावर होता. अनुवाद हा स्वतंत्र संशोधनविषय व्हावयाचा होता.

विद्यापीठीय शिक्षण : जेम्स होम्स यांनी १९७२ मध्ये अनुवाद-अध्ययन या ज्ञानशाखेचे नाव व स्वरूप मांडले. समितीच्या पुढाकाराने १९७५ मध्ये नागपूर येथे पहिले विश्व हिंदी संमेलन भरले आणि त्यात हिंदीच्या आंतरराष्ट्रीय विद्यापीठाची कल्पना पुढे आली. ती १९९७ मध्ये वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या रूपाने साकार झाली. भाषा, साहित्य व संस्कृती यांबरोबर ‘अनुवाद एवं निर्वचन विद्यापीठ’ हा तेथील एक प्रमुख विभाग होता. चिनी, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश यांसारख्या भाषांच्या अध्यापनाचीही तेथे सोय झाली.

मराठी विद्यार्थ्याची अडचण या विभागाच्या नावातच दिसते. मराठीत ‘विद्यापीठ’ म्हणजे संपूर्ण विश्वविद्यालय. येथे मात्र त्याचा अर्थ विश्वविद्यालयाची एक शाखा असा आहे. ‘निर्वचन’ म्हणजे शास्त्रीय परंपरेत शब्दाची व्युत्पत्ती सांगणे. येथे तो मौखिक अनुवादाचा वाचक शब्द होतो. ‘शिक्षा’, ‘आपत्ती’, ‘संसार’ हे शब्दही दोन्ही भाषांत भिन्न अर्थाने येतात. लिपी एक आणि शब्द ओळखीचे असल्यामुळे अशा ठिकाणी कोश पाहण्याची गरजच वाटत नाही आणि चूक तेथेच होते. दूरच्या भाषेपेक्षा जवळची भाषा अधिक सावधपणे वाचावी लागते, असा याचा इत्यर्थ.

स्थळनामांची छाननीही तितकीच आवश्यक ठरते. जुन्या कागदांत नुसते ‘कारंजा’ असे लिहिलेले आढळल्यास ते वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) की वाशिम जिल्ह्यातील कारंजा (लाड), हे संदर्भावरून ठरवावे लागते. पहिले मध्य प्रांतात, तर दुसरे वऱ्हाडात होते. हा भेद ध्यानी न घेता केलेला अनुवाद निर्दोष भाषेतही इतिहासाची दिशाभूल करतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी विद्यावाचस्पती पदवीसाठी प्रारंभिक अभ्यासक्रम आवश्यक केला. २०२२ च्या नियमांनी एम्.फिल्. ही पदवी बंद झाल्याने प्रबंधापूर्वीची उमेदवारी मुख्यतः एम्.ए.च्या काळातच करावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या ग्रामीण विद्यार्थ्यास हा काळ अपुरा पडण्याचा संभव असतो. कारण त्याला संशोधनाची पद्धती व प्रबंधाची भाषा ही दोन्ही एकदमच आत्मसात करावयाची असतात. त्याच्या बोलीतील शब्द हिंदी प्रबंधात केवळ उदाहरणापुरते उरले, तर मराठीच्या पदरी थोडेच पडेल. त्या शब्दांचे संग्रह, अर्थनिश्चिती व कोशरचना मराठीतही झाल्यास या शिक्षणाचा लाभ दोन्ही भाषांना होईल.