दोन स्तंभांची शाळा

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तेव्हा विषयाची यादीही सोबत होती: आवडते शिक्षक, सहल, स्नेहसंमेलन, डबा. हे सगळं लिहिणारे आपल्या वर्गात भरपूर आहेत. मी इंजिनिअर, मला एखादी गोष्ट का बिघडली किंवा का चालली याचा माग काढायची सवय. म्हणून मी आपल्या इंग्रजीचा माग काढायचं ठरवलं. आपल्याला इंग्रजी पाचवीत भेटली. आपल्या आधीच्या एका पिढीला ती आठवीत भेटली होती आणि आपल्यानंतरच्या मुलांना थेट पहिलीत. हा पाहुणा दर वेळी वेगळ्या इयत्तेत का उतरतो?

गोष्ट जुनी आहे. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एक मराठी आणि एक इंग्रजी. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण छापलं गेलं. मधल्या वर्षी, १८३५ मध्ये, तिकडे कलकत्त्यात मेकॉलेसाहेबांनी इंग्रजी शिक्षणाची शिफारस केली होती. म्हणजे साहेब इंग्रजीची तरफदारी करत होते त्याच काळात मुंबईत मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी बसून एकमेकींची वही बघत होत्या.

पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं. हे वाक्य आपल्याला फळ्यावर सुविचार म्हणून किती वेळा भेटलं, मोजदाद नाही. ते पचतं कसं, हे मात्र सुविचारात नसे. गंमत म्हणजे मराठीच्या या शिवाजीनं १८८० मध्ये टिळकांसोबत पुण्यात शाळा काढली, तिचं नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’.

आपल्या मुंबईतली एक गोष्ट तर मला फार आवडते. १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी सुधारायला मुंबईत राहिले, ते दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी. त्यांना इंग्रजी शिकवायला होती डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा. ती इंग्लंडला राहून आलेली. इंग्रजी किती झालं कोण जाणे, पण रवींद्रनाथांनी तिला ‘नलिनी’ हे नाव दिलं आणि तिच्यासाठी कविताही केली. पुढे नोबेल मिळवणाऱ्या माणसालाही एका मराठी मुलीपुढे इंग्रजीची वही घेऊन बसावं लागलं होतं, ही माहिती आपल्याला पाचवीत कुणी दिली असती तर केवढा धीर आला असता!

तर्खडकर हे आडनाव पुढेही इंग्रजीला चिकटून राहिलं. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या ट्रंकेत होती. माझ्या घरी तिची पुठ्ठा निघालेली प्रत होती. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली वाक्यं ओळीनं मांडलेली, अन् ती इकडून तिकडे न्यायची. आज हसू येतं. पण त्या पुस्तकानं एक गोष्ट गृहीत धरली होती: मुलाकडे एक भाषा आधीच आहे, तिच्या खांद्यावर उभं राहून त्यानं दुसरीकडे बघायचं.

आता आपल्या जुहूत येऊ. शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीसाठी गांधीजी १९२४ मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर राहिले होते. इंग्रजी माध्यमाचं ओझं मुलांवर लादू नका असं आयुष्यभर सांगणाऱ्या या माणसानं एप्रिलमध्ये इथूनच ‘यंग इंडिया’चं संपादन पुन्हा हाती घेतलं, आणि ते साप्ताहिक होतं इंग्रजी. त्याच वेळी ‘नवजीवन’ गुजरातीत चालू होतंच. पुन्हा दोन स्तंभ.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं पाचवी ते सातवीची इंग्रजी काढून टाकली आणि ती आठवीपासून ठेवली. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई राज्य सरकारनं परिपत्रक काढलं की अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक सोडून इतर मुलांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गात नव्यानं घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे महिन्यात ती बंदी रद्द झाली. महाराष्ट्र झाल्यावर इंग्रजी यथावकाश पाचवीत परतली आणि तिथे ती आपल्याला सापडली. २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ती पहिलीत गेली. आठवी, पाचवी, पहिली. लिफ्टसुद्धा इतकी खालीवर करत नाही.

आणि पाचवीत सापडली ती कशी? दहा वर्षांच्या मुलांना वाटत होतं, आपल्याला इंग्रजी येतेच. जुहूत राहून कशी येणार नाही? आपण बीचवर जात होतो, जेव्हीपीडीला बसमधून उतरत होतो, एरोड्रोमवरची विमानं बघत होतो. मग बाईंनी फळ्यावर ‘नाइफ’ लिहिला आणि त्यात सुरुवातीला ‘के’ निघाला. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हा के कशाला आलाय?” बाई म्हणाल्या, “तो गप्प बसतो. तूही बस.”

त्या गप्प ‘के’चं उत्तर मला खूप नंतर मिळालं. तो अक्षर पूर्वी खरोखर उच्चारला जायचा. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंगं हळूहळू छापात घट्ट होत गेली, आणि बोलणारी माणसं मात्र उच्चार बदलत पुढे निघून गेली. जुन्या वाड्याच्या दारावर पूर्वीच्या मालकाची पाटी राहावी, तसा तो ‘के’ राहिला आहे.

इंग्रजी स्पेलिंगची सगळ्यात गाजलेली थट्टाही आपल्याच वस्तीतली. ‘चुपके चुपके’ (१९७५) मधला धर्मेंद्र विचारतो, टी-ओ टू, डी-ओ डू, मग जी-ओ गू का नाही? हा प्रश्न सगळ्या भारताला हसवून गेला. मराठी मुलांना जरा जास्तच, कारण उघड आहे. त्या सिनेमातला बंगला म्हणजे पुढे झालेला ‘जलसा’, असं खुद्द अमिताभ बच्चन यांनी सांगितलं आहे. रविवारी ज्या फाटकाबाहेर गर्दी जमते, तिथे आपल्या पाचवीचा प्रश्न विचारून झाला होता.

पण नुसतं इंग्रजीला हसून कसं चालेल? आपण राहतो ते जग आणि पाण्याचा जग, दोन्ही आपण एकाच अक्षरानं लिहितो आणि वेगळे उच्चारतो. चमच्यातला च आणि चहातला च तपासून पाहा. परक्या माणसानं मराठी शिकताना आपल्या बाईंना हा प्रश्न विचारला असता, तर त्यालाही “गप्प बस” हेच उत्तर मिळालं असतं.

मग आपण इंग्रजीवर, त्याहून पुस्तकांवर, प्रेम करायला लागलो कुठे? माझ्यापुरतं सांगते: वर्गात नाही, जिन्याखालच्या कपाटात. त्या कपाटात इंग्रजी पुस्तकं मोजकीच होती आणि ती कुलुपात छान दिसत. बाकी सगळी मराठी. ‘फास्टर फेणे’ लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता. पार्ल्यात वाढलेल्या पु. लं.नी हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची कथा ‘एका कोळियाने’ या नावानं दिली होती. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला कोळी. ते पुस्तक वर्गात फिरलं तेव्हा कोळीवाड्यातली आपली एक मैत्रीण म्हणाली, “चौऱ्याऐंशी दिवस? मग घरात शिजलं काय?” हेमिंग्वेवरची इतकी नेमकी टीका मी नंतर कुठे वाचली नाही. कॉलेजात मूळ इंग्रजी पुस्तक हातात आलं, तेव्हा अडलेल्या शब्दांसाठी मला कोशाची गरज फारशी पडली नाही. तो म्हातारा माझ्या ओळखीचा होता.

अकरावीत सगळं शास्त्र इंग्रजीतून सुरू झालं आणि आपल्यातले पुष्कळ जण घाबरले. पण ‘आयसोसेलिस’ पाठ करणाऱ्यांना ते पाठच करावं लागत होतं. आपल्याला ‘समद्विभुज’ माहीत होतं, त्या शब्दातच व्याख्या बसलेली. नवा शब्द फक्त जुन्या अर्थावर चढवायचा होता. मी आज पोटासाठी जे करते तेही याहून फार वेगळं नाही. माणसाचं म्हणणं यंत्राच्या भाषेत न्यायचं, आणि त्याआधी ते म्हणणं आपल्याला नीट कळलेलं असायचं.

हा सगळा माग काढण्याला एक निमित्तही आहे. या मेळाव्यातून जमणाऱ्या निधीतून शाळेला इंग्रजी संभाषणासाठी संगणकांची खोली द्यावी, असा प्रस्ताव आहे. माझा त्याला पाठिंबा आहे, मी पैसेही देते आहे आणि संगणक लावायलाही येईन. पण मुंबईत मराठी माध्यमाचे वर्ग एकेक करून कमी होत असताना, ती खोली करण्यासाठी जिन्याखालचं कपाट हलवून पुस्तकं रद्दीत काढायची, हे मला मान्य नाही. पावणेदोनशे वर्षांचा हिशेब मी वर मांडला आहे. इंग्रजी कुठल्या इयत्तेत येते यावरून सरकारं भांडत राहिली. मुलांना ती पचली ती तिच्या शेजारी भरलेला मराठीचा स्तंभ होता म्हणून.

म्हणून माझी सूचना अशी. खोली होऊ द्या, आणि तिच्याच एका भिंतीला ते कपाट लावा, बिनकुलपाचं. ‘एका कोळियाने’ आणि त्याचं मूळ पुस्तक एकमेकांना टेकून ठेवा. जुन्या प्रती फाटल्या असतील तर नव्या मी आणते. बाकीच्या जोड्या तुम्ही सुचवा. प्रत्येकानं एक जोडी आणली तरी कपाट भरेल.