दर्याचा नकाशा कोणाचा?

मित्रहो, पोस्ट जरा मोठी आहे. पण सध्या मासेमारी बंद आहे, होड्या झापांनी शाकारलेल्या आहेत, वेळ आहे. वाचाच.

परवा एका जुन्या तांडेलांच्या घरी गेलो होतो. पडवीतल्या भिंतीवर एक पिवळा पडलेला सागरी नकाशा होता आणि त्यावर पेन्सिलीने मारलेल्या बारीक फुल्या. मी मोबाईल काढला तसे म्हणाले, "फोटो काढू नको हां." वय पंच्याऐंशी, दर्यावर जाणं कधीच बंद झालंय, पण फुल्या अजून गुपितच!

यामागे मोठा इतिहास आहे. आपल्या बापजाद्यांकडे कागद नव्हता. किनाऱ्यावरचं देऊळ मागच्या डोंगराच्या टोकाशी जुळलं की एक रेघ. दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरूज आणि एखादं झाड जुळलं की दुसरी रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे जाळं टाकायचं. ही खूण बाप फक्त मुलाला सांगायचा. मात्र किनारा दिसेनासा झाला की ही विद्या संपायची.

कागदी नकाशा आला तो मासळीसाठी नव्हे, जहाजांसाठी. इंग्रजांचे सर्वेक्षक दोरीला शिशाचं वजन बांधून खोली मोजत. एक वाव म्हणजे सहा फूट. वजनाच्या तळाला खाच असायची, तिच्यात चरबी भरायची. तिला जे चिकटून वर येईल तो तळ. म्हणून नकाशावर आकड्यांसोबत इंग्रजी अक्षरं असतात. 'एम' म्हणजे चिखल, 'एस' वाळू, 'आर' खडक. जहाजवाल्याला यातून नांगर कुठे धरेल ते कळायचं. मच्छीमाराने त्यातच दुसरं वाचलं. चिखल असेल तिथे कोळंबी, खडक असेल तिथे तांबोशी आणि गोबरा. आणि खोलीच्या रेघा जिथे दाटीवाटीने येतात तिथे तळाचा उतार तीव्र. प्रवाह त्या उतारावर आदळला की खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यामागे छोटी मासळी आणि तिच्यामागे सुरमई, कुपा.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या समोरच आहे. विजयदुर्गपासून पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक. सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखलं जाणारं, पाण्याखाली बुडालेलं प्रवाळांचं पठार. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी सुमारे १५. भर समुद्रात, पण माथ्यावर पाणी जेमतेम ११ वाव!

मासळीसाठी म्हणून सरकारी शोध सुरू झाला तो नंतर. १९२१ मध्ये 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेचा ट्रॉलर मुंबईच्या समुद्रात फिरवला गेला. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्र मासेमारी केंद्र निघालं, तेच पुढे १९८३ मध्ये भारतीय मत्स्य सर्वेक्षण झालं. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साध्या यंत्रावरही काही मीटरपर्यंत जागा सापडू लागली. आता तर हैदराबादचं इन्कॉइस उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून मासळी कुठे मिळू शकेल ते मोबाईलवर कळवतं.

चांगलंच झालं. डिझेल वाचतं, वेळ वाचतो. पण एक गोष्ट बघा. फुली बापाकडून मुलाकडे जायची तेव्हा त्या जागेवर एक-दोन होड्या जायच्या. आता तोच आकडा सगळ्यांच्या पडद्यावर असतो. मग तिथे आधी कोण पोचतो? ज्याचं इंजिन मोठं, ज्याचं जाळं मोठं. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली, तरी रात्री किनाऱ्यावरून तो उजेड पाहिलेले तुमच्यात कितीतरी असतील. आपल्या राज्याचा १९८१ चा मासेमारी कायदा १२ सागरी मैलांपर्यंतचा. आंग्रिया बँक त्याच्या कितीतरी पलीकडे.

जागा शोधायला आपल्याला शेकडो वर्षं लागली. ती राखायची कशी, याचा विचार मात्र आत्ता कुठे सुरू झालाय. १ ऑगस्टला होड्या पुन्हा पाण्यात उतरतील. त्याआधी आपल्या मच्छीमार सोसायट्यांच्या बैठकीत इंजिन आणि अनुदानाबरोबर हा विषयही निघायला हवा, असं मला वाटतं.

निघताना मी तांडेलांना विचारलं, "काका, आता सगळं मोबाईलवर मिळतं, मग फुल्या लपवायच्या कशाला?"

ते हसले. म्हणाले, "नकशात जागा गावता रे. पण थांबूचा खंय, ता त्येच्यात लिवलेला नसता."

तुमच्या घरी अशा खुणा कोणी सांगायचं का? कमेंटमध्ये जरूर लिहा. जागा सांगू नका, आठवण सांगा.