प्रवरेच्या माथ्यावरील मुक्काम

श्रीरामपुराच्या आसपास राष्ट्रीय उद्यान नाही, आणि ऊसमळ्यांच्या या सपाट मुलखात अरण्याची कल्पनाही सहजी मनात येत नाही. तथापि येथील गृहस्थ सहकुटुंब रानात मुक्कामाला निघतो तेव्हा लोणी, संगमनेर, अकोले, राजूर अशा वाटेने तो बहुधा भंडारदऱ्यास जातो, म्हणजे ज्या पाण्यावर त्याचे गाव वाढले त्याच्या उगमापाशीच जातो. दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर रोड या स्थानकाभोवती जमलेल्या श्रीरामपुराच्या वस्तीला पेठेचे वैभव दिले ते प्रवरेच्या डाव्या कालव्याने, आणि त्या कालव्याला पाणी पुरविले ते रतनगडाच्या कुशीतील जंगलाने.

त्या जंगलात मुक्काम करण्याची रीत फार पुरातन आहे. हरिश्चंद्रगडाच्या लेण्यांत योगी राहत. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ तेथेच सिद्ध केला. पुढे इंग्रजी अंमलाविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगरे यांना याच डोंगरांनी आसरा दिला. 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

तंबूंचा मुक्काम मात्र सरकारी फिरतीबरोबर आला. हिवाळा लागला की साहेब दप्तर, शिरस्तेदार आणि शिपाई यांसह जिल्ह्याच्या फिरतीस निघे. आमराईत राहुट्या आणि कनाती उभ्या राहत, तेथेच जमाबंदीची तपासणी होई, फिर्यादी ऐकल्या जात आणि सवड मिळताच शिकारही होई. या थाटाची वर्णने मोठ्या कौतुकाने केली जातात. परंतु गवत, सरपण, दूध आणि कोंबड्या यांची रसद ज्या पाटील-कुलकर्ण्यांना पुरवावी लागे, आणि साहेबाचे सामान पुढच्या मजलेपर्यंत वाहण्यासाठी ज्या गोरगरिबांना वेठीस धरले जाई, त्यांच्या दृष्टीने साहेबाचा मुक्काम हे एक संकटच होते, आणि इतिहास लिहिणाऱ्याने ते प्रथम नोंदवावे असे माझे मत आहे.

1910 साली भंडारदऱ्याच्या धरणाचे काम सुरू झाले आणि रानात मजुरांची वसाहत वसली. सुमारे 270 फूट उंचीच्या या दगडी बांधाचे उद्घाटन मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते 10 डिसेंबर 1926 रोजी झाले. दरीतील जमीन जलाशयाखाली गेली. खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी कोरडवाहू शिवार बागायती केले.

पुढे रानांना कायद्याचे संरक्षण मिळू लागले. 1955 साली ताडोबास राष्ट्रीय उद्यानाचा मान मिळाला; कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा प्रदेश 1986 साली अभयारण्य झाला. राष्ट्रीय उद्यानात माणसाचे हक्क जवळजवळ संपुष्टात येतात. अभयारण्यात गावे आणि त्यांची वहिवाट काही प्रमाणात टिकते, आणि म्हणूनच आज जलाशयाकाठी जे तंबू भाड्याने मिळतात त्यांपैकी बरेचसे महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या अंगणात किंवा शेतात उभे असतात व पाहुण्याच्या ताटातील पिठले-भाकरी त्यांच्याच चुलीवरची असते. एके काळी वेठीने घेतली जाणारी सेवा आज मोबदला घेऊन दिली जाते, हा पालट मला धरणाहून लहान वाटत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस हिरडा, बेहडा आणि सादडा यांवर काजवे लखलखू लागले की मोटारींची रीघ लागते. काजव्यांचा प्रकाश हा त्यांच्या मीलनाचा संकेत असल्याने दिव्यांच्या झोताने आणि विजेरीने तो व्यवहारच मोडतो. श्रीरामपूरकरांनी तरी तेथे पोहोचताच दिवे मालवावेत, झाडाखाली पाऊल टाकू नये, आणि आपला कचरा आपल्याच गाडीतून परत आणावा. तेथे टाकलेले पावसाळ्यात प्रवरेला मिळते.