चौकटीवरचें नांव आणि आंतली कांच

घरांतील संगणक धडधाकट असावा आणि त्याचा पडदा, म्हणजे मॉनिटर, तेवढा निकामी व्हावा, असा प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येतो. नवा मॉनिटर नामांकित पेढीचा महाग घ्यावा, कीं अपरिचित नांवाचा स्वस्त? या प्रश्नावर खलबतें होतात. पण चौकटीवर नांव एकाचें आणि आंतली कांच दुसऱ्याची, हा प्रकार फार जुना आहे.

कांचेच्या नळीच्या काळांतच त्याची सुरुवात झाली. ही नळी 1897 सालीं ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें सिद्ध केली. पुढें रंगीत चित्राच्या नळींत पडद्यामागें बारीक छिद्रांचा पत्रा असे. सोनी कंपनीनें 1968 सालीं ‘ट्रिनिट्रॉन’ नळी आणली; तींत छिद्रांऐवजीं उभ्या ताणलेल्या पट्ट्या होत्या. त्यामुळें अधिक इलेक्ट्रॉन पडद्यापर्यंत पोहोंचत व चित्र उजळ दिसे. पट्ट्या थरथरूं नयेत म्हणून आडव्या लावलेल्या एक-दोन तारांची पुसट रेषा पांढऱ्या पडद्यावर दिसे. वस्तुतः हें वैगुण्यच. पण जाणते गिऱ्हाईक त्या रेषेवरूनच नळीची जात ओळखीत! ॲपल, डेल यांच्या नांवानें विकलेल्या कित्येक मॉनिटरांत हीच नळी होती. 1996 सालीं मूळ पेटंटाची मुदत संपली आणि तो मार्ग इतरांसही मोकळा झाला.

मग द्रव-स्फटिकाचे सपाट पडदे आले. त्यांचे कारखाने उभारण्यास अफाट भांडवल लागतें. म्हणून पडदे करणारे थोडे आणि विकणारे फार, अशी स्थिति झाली. 1999 सालीं एलजी व फिलिप्स यांनीं भागी केली. 2001 सालीं तैवानांतील दोन कंपन्या मिळून एयू ऑप्ट्रॉनिक्स झाली. 2004 सालीं तर दुकानांत एकमेकींशीं झुंजणाऱ्या सॅमसंग व सोनी यांनीं दूरचित्रवाणीच्या पडद्यांसाठीं एकच जातें मांडलें! पुढें 2007 च्या सुमारास सॅमसंगच्या ‘226 बीडब्ल्यू’ या एकाच नमुन्याच्या मॉनिटरांत तीन निरनिराळ्या कारखान्यांचे पडदे निघाले. गिऱ्हाइकें खोक्यामागच्या चिठ्ठीवरील अक्षर शोधीत बसलीं. 2022 सालीं सॅमसंगनें असे पडदे करणेंच थांबविलें.

मग नांवाला किंमत नाहीं काय? आहे, पण ती निवडीची आणि हमीची. एकाच कारखान्यांतले पडदेही सारखे उतरत नाहींत. 2001 च्या आंतरराष्ट्रीय मानकांत त्यांचे चार वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गांत एकही बिंदु सदोष चालत नसे, तर दुसऱ्या वर्गांत दर दहा लाख बिंदूंमागें दोन सतत पेटलेले व दोन सतत काळे चालत. कोणता वर्ग उचलावा आणि किती दोषांवर माल बदलून द्यावा, हें पेढी ठरविते. दुरुस्तीचें केंद्र आपल्या गांवांत नसेल, तर मोठ्या नांवाचाही उपयोग थोडाच. शिवाय पडद्याची जात पाहावी: हिताचीनें 1996 सालीं आणलेल्या ‘आयपीएस’ जातींत बाजूनें पाहिल्यास रंग फारसे पालटत नाहींत, आणि ती आज पुष्कळ नांवांखालीं मिळते.

बदली मॉनिटराची एक अडचण मात्र कोणत्याही नांवानें सुटत नाहीं. 1987 सालीं आयबीएमनें आणलेली पंधरा टांचण्यांची ‘व्हीजीए’ जोडणी जुन्या संगणकांत अद्याप आढळते. नव्या पुष्कळ मॉनिटरांत ती नसते, आणि मग परिवर्तक वेगळा विकत घ्यावा लागतो.